टाळीनंतरचं खरं

१

मी पुस्तकं वाचते. मनातल्या मनात नाही, मोठ्यानं. तेच माझं काम आहे. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी एक संस्था पुस्तकं ध्वनिमुद्रित करते, आणि त्यातली निम्मी तरी माझ्या आवाजात आहेत. घरातली अडगळीची खोली रिकामी केली, चारी भिंतींना जाड रजया टांगल्या, दाराला आतून ब्लँकेट ठोकलं, आणि झाली माझी वाचायची खोली. आत खुर्ची, टेबल, माइक, कॉम्प्युटर. पंखा नाही, कारण तो माइकमध्ये ऐकू येतो. उन्हाळ्यात मी तिथे उकडून निघते.

वाचताना जीभ घसरते. घसरली की ध्वनिमुद्रण थांबवायचं नाही. दोन टाळ्या वाजवायच्या आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं. स्क्रीनवर आवाजाची रेघ उमटत असते, तिच्यात टाळ्यांचे दोन उभे सुळके दिसतात. संपादन करणारीला मग अख्खं पुस्तक ऐकत बसावं लागत नाही. सुळके दिसले की आधीचं वाक्य कापायचं, नंतरचं ठेवायचं. संपादन करते त्या बाईला सगळे कात्री म्हणतात, आणि तिला त्याचा अभिमान आहे. पहिल्या भेटीतच तिनं मला नियम सांगून टाकला होता. "ताई, टाळीच्या आधीचं खोटं, टाळीनंतरचं खरं. मी विचार करत नाही, कापते."

माझ्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर आहे आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला, संस्थेच्या ऑफिसात, कात्रीच्या कॉम्प्युटरवर हुबेहूब तसाच दुसरा. इकडे काही ठेवलं की तिकडे उमटतं. तिकडे बदललं की इकडे बदलतं, तिकडे पुसलं की इकडूनही जातं. दोन्हीकडे वेगवेगळं काही असेल तर जे नवं तेच राहतं, जुन्याला कुणी विचारत नाही. याला सिंक म्हणतात. कोपऱ्यात हिरवी खूण आली की दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांसारखे झाले असं समजायचं. ती खूण दिसली की मी चहा ठेवायला उठते.

२

माझा नवरा अडखळतो. तोतरा नाही, अडखळतो. हा फरक मी लोकांना आयुष्यभर समजावत आले आहे. ओठ मिटावे लागतात अशा अक्षरांशी त्याचं वैर आहे. प, ब, म. आमचं दोघांचं लग्न एकाच वर्गात बसून जुळलं, त्यामुळे 'अहो' वगैरे आम्हाला कधी जमलंच नाही. मी त्याला अरे म्हणते आणि तो मला "म... म... मास्तरीणबाई" म्हणतो, कारण मी सगळ्यांचे उच्चार सुधारत फिरते. त्याचे मात्र मी कधीच सुधारले नाहीत.

घराच्या खालीच त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. माणूस बोलायला अडखळतो पण गप्प म्हणून बसत नाही. एक गोष्ट सांगायला घेतली की तिला फाटे फुटतात, फाट्याला फाटे फुटतात, गिऱ्हाईक चष्मा विसरून ऐकत राहतं. माझी बहीण म्हणते, तुझ्या नवऱ्याला वेळ विचारली तर घड्याळ बंद पडेल. म्हणू दे.

नवा माइक आला तेव्हा मी त्याला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "बोल काहीतरी." डोक्यावर चष्मा ठेवून तोच चष्मा हरवला म्हणून भांडायला आलेल्या एका बाईची गोष्ट त्यानं सांगितली. 'बाई' या शब्दावर तो इतका अडकला की आम्ही दोघंही हसून हसून वाकलो. ते मला ठेवायचं होतं. हाताच्या सवयीनं मी ती फाइल त्याच फोल्डरात टाकली, आणि थोड्या वेळानं हिरवी खूण आली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू करण्याआधी गंमत म्हणून ती फाइल लावली. गोष्ट तीच. बाई तीच, चष्मा तोच. पण नवरा कुठेच अडकत नव्हता. 'बाई' हा शब्द बातम्या देणाऱ्यासारखा सरळ आला आणि निघून गेला. आमचं हसू तर त्यात नव्हतंच.

मी रेघ नीट पाहिली. टाळ्यांचे सुळके नव्हते, जोड नव्हते. कापलेल्या ठिकाणी कानाला एक बारीकशी ठेच लागते, तीही नव्हती. अडखळणं कापता येतं, पण मधून कापलेला 'बाई' असा गुळगुळीत सांधला जात नाही. त्यासाठी माणसाला तो शब्द पुन्हा म्हणावा लागतो. नवऱ्यानं तो पुन्हा म्हटलेला नव्हता.

मी कात्रीला फोन लावला आणि जरा तोडूनच बोलले. "कुणी सांगितलं तुला माझ्या नवऱ्याला साफ करायला?"

"कुणाला? ती चष्म्याची फाइल? ताई, मी हातसुद्धा लावला नाही. मला वाटलं तुम्हीच करून पाठवलीत."

"माझ्याकडे कच्ची होती."

"थांबा, बघते." तिच्या माउसचे टिकटिक आवाज आले. "इथे लिहिलंय, बदल तुमच्याकडून आला. तुमच्या मशीनवरून."

मी माझ्याकडचं पाहिलं. तिथे लिहिलं होतं, बदल ऑफिसच्या मशीनवरून आला.

"तिसरं कुणी जोडलेलं आहे का गं या फोल्डरला?"

"नाही हो. तुम्ही आणि मी. तिसरं कोण येणार?"

सॉफ्टवेअरची काहीतरी गफलत असेल असं आम्ही दोघींनी ठरवलं. हल्ली सगळीच सॉफ्टवेअरं न विचारता आवाज सुधारतात. मी चहा ठेवायला उठले खरी, पण चहा उतू गेला.

४

जेवताना नवरा म्हणाला, "आज ब... ब... बाजूच्या दुकानातला आला होता..."

वाचायच्या खोलीतून दोन टाळ्या ऐकू आल्या.

दार बंद होतं. आवाज दबका होता, रजयांमधून यावा तसा. नवरा क्षणभर थांबला, नजर कुठेच नसल्यासारखी झाली, आणि मग तो म्हणाला, "आज बाजूच्या दुकानातला आला होता."

माझा घास हातातच राहिला. "काय म्हणालास?"

"बाजूच्या दुकानातला आला होता, काच बसवायला."

"त्याआधी?"

"त्याआधी कुठे काय म्हणालो?" तो खरंच बुचकळ्यात पडला होता. टाळ्या त्याला ऐकूच आल्या नव्हत्या.

मी उठून खोलीचं दार उघडलं. आत कोणी नव्हतं. खुर्ची टेबलाखाली सरकवलेली, माइकवर टोपी, स्क्रीन काळी. रजयांचा जुना कापसाचा वास. खिडकी आपटली असेल म्हणावं तर त्या खोलीला खिडकी नाही. शेजारच्यांनी गालिचा झटकला असेल. पाइपात हवा अडकली असेल. कारणं पुष्कळ सापडतात, माणसाला शोधायची असली तर. मला ती शोधायची होती.

संध्याकाळी खाली दुकानात एक नेहमीचं गिऱ्हाईक मला म्हणालं, "आज साहेब काय फाडफाड बोलतायत! औषध घेतलं का काही?" ते कौतुकानं म्हणत होतं. मी बरं म्हटलं आणि वर आले.

५

पुढचे काही दिवस टाळ्या येत राहिल्या. आधी अडखळण्यावर, मग त्याच्या गोष्टींच्या फाट्यांवर. तो काहीतरी सांगू लागायचा, "त्या माणसाचा भाऊ, म्हणजे तो नव्हे, त्याचा थोरला, ज्याची बायको..." आणि टाळ्या. मग, "त्या माणसाला भाऊ आहे." बस. गोष्ट संपली. मग त्याची थट्टा गेली. मग मास्तरीणबाई गेली. सकाळी त्यानं ओठ मिटून 'म' पकडलेला मी पाहिला, आतून टाळ्या आल्या, आणि तो मला म्हणाला, "अगं, चहा दे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या एका 'अगं'नं मला परकं केलं.

मी कॉम्प्युटरची इंटरनेटची तार उपटली. प्लग काढला. तरी टाळ्या यायच्या त्या आल्याच. त्याची फाइल पुसली, तर तार जोडताक्षणी ती परत आली आणि आधीपेक्षा लहान होऊन आली. मी कात्रीला म्हटलं तुझ्याकडून पूस, तिनं पुसली, तिच्याकडेही ती परत आली. दोन्हीकडे तेच लिहून येत होतं, की बदल पलीकडून आला.

"ताई, तुम्ही दोन दिवस सुट्टी घ्या," कात्री म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "सुट्टी गेली खड्ड्यात! तुझा तो मेला कॉम्प्युटर उचल आणि गटारात टाक!"

माझ्या मागे, बंद दाराच्या आत, दोन टाळ्या.

"तुझ्या कॉम्प्युटरची एकदा तपासणी करून घेशील का?" मी म्हणाले.

मग कात्री हसली, पण नीट हसली नाही. "ताई, दोनदा का बोललात? आणि टाळ्या कशाला वाजवल्या?"

तिनं विचारलं नसतं, माझं आधीचं वाक्य मला म्हणून दाखवलं नसतं, तर मला कळलंही नसतं. माझ्या लेखी मी तिला एकदाच, गोड शब्दांत विचारलं होतं. मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन नळ सोडून मला येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या मोठ्यानं दिल्या. पाण्याच्या आवाजात टाळ्या आल्या असतील तर मला ऐकू आल्या नाहीत. शिव्या मात्र मला आठवतात, म्हणजे त्या शिल्लक राहिल्या.

ही हकिकतही मी अशीच सांगते आहे, बहिणीचे टोमणे आणि उतू गेलेला चहा घालून. साफ करून सांगणार नाही. कुणाला कापायचं असेल त्यानं समोर यावं.

६

कात्रीशी माझं एकच जुनं भांडण आहे, श्वासाचं. दोन वाक्यांमध्ये वाचणारा श्वास घेतो, तो माइकमध्ये येतो. चांगले संपादक तो काढून टाकतात. मी तिला नेहमी सांगते, "ठेव गं, माणूस वाचतंय हे कळू दे ऐकणाऱ्याला." ती म्हणते, "ताई, तो कचरा आहे."

त्या दुपारी मी ती फाइल पुन्हा लावली. आता तिच्यात फार थोडं उरलं होतं. एक बाई आली. तिचा चष्मा हरवला होता. तो तिच्या डोक्यावर होता. तीन वाक्यं, नवऱ्याच्या आवाजात, आणि त्यांच्या मधे काहीच नाही. मी हेडफोन घट्ट दाबले, आवाज वाढवला. रेघ सपाट होती. श्वास काढून टाकले होते.

दुकान दुपारचं बंद असतं तेव्हा तो वर येऊन आतल्या खोलीत आडवा होतो. मी हेडफोन काढले, प्लग पुन्हा उपटून जमिनीवर टाकला आणि तिकडे गेले. तो उताणा झोपला होता. छाती वरखाली होत होती. मी वाकले, कान त्याच्या नाकाशी नेला. तो घोरतो, सगळी चाळ हसते इतका घोरतो. आवाज नव्हता. गालाला हवाही लागली नाही. मी तळहात त्याच्या छातीवर ठेवला, ती हलत होती, पण आत काही जात नव्हतं की बाहेर येत नव्हतं.

तेव्हा मला भीती वाटली. आत्तापर्यंत राग होता, तो कुठल्या कुठे गेला. अडखळणं गेलं, थट्टा गेली, ते मी कसंतरी परत ओढून आणलं असतं. पण ते जे कोणी होतं ते कचरा काढत काढत इथपर्यंत पोचलं होतं, आणि यानंतर काढण्यासारखा नवराच उरला होता.

७

मी वाचायच्या खोलीत गेले आणि दार मागे लावून घेतलं. दिवा लावला. प्लग अजून जमिनीवर पडलेला होता, मीच उपटलेला. स्क्रीन चालू होती. ध्वनिमुद्रण चालू होतं आणि सपाट रेघ उजवीकडे सरकत होती.

"कोण आहे?" मी विचारलं. रेघेवर माझा आवाज उमटला.

खोली लहान आहे. चार पावलांत संपते. मी टेबलाखाली पाहिलं, दाराच्या ब्लँकेटमागे पाहिलं. मग समोरच्या रजईकडे पाहिलं, आणि ती मला जरा जवळ आल्यासारखी वाटली. तिच्या मागे भिंत आहे. मधे चार बोटांचीसुद्धा जागा नाही, मीच खिळे ठोकलेत.

"माझा नवरा चूक नाहीये," मी म्हटलं. "ऐकतोस ना? तो चुकत नाही. तो तसाच बोलतो."

रजईला आतून फुगवटा आला. दोन तळवे, बोटं पसरलेली, कापडाच्या आतून पुढे आले, शांतपणे एकमेकांसमोर आले, आणि आपटले. एकदा, दोनदा. रेघेवर दोन सुळके उभे राहिले. आणि माझ्या तोंडून, माझ्याच स्वच्छ, कमावलेल्या आवाजात आलं, "माझा नवरा चूक आहे."

तळवे मागे गेले. रजई भिंतीला चिकटली.

मी ती खिळ्यांसकट ओरबाडून काढली. मागे भिंत होती, पांढरी, जराशी ओल आलेली. माझी नखं तुटली. इतकं सांगते की ती भिंत गार नव्हती. बराच वेळ कुणी पाठ टेकून बसलेल्या खुर्चीसारखी ती कोमट होती.

८

धावत आतल्या खोलीत गेले तेव्हा तो उठून बसला होता. ओठ निळसर पडले होते.

"मी ठीक आहे," तो म्हणाला. एकही श्वास न घेता.

आयुष्यभर ज्या नियमानं मी पोट भरलं तोच मला माहीत होता, दुसरा नाही. मी त्याच्या तोंडासमोर दोन टाळ्या वाजवल्या, आणि त्याच्यासारखं, त्याच्या सगळ्या अडथळ्यांसकट म्हटलं, "म... म... मी ठीक नाही."

तो माझ्याकडे पाहत राहिला. पलीकडच्या खोलीतून टाळ्या आल्या. "मी ठीक आहे," तो म्हणाला.

मी पुन्हा वाजवल्या. "म... मी ठीक नाही. म... मला श्वास घेता येत नाहीये."

पलीकडून पुन्हा. या वेळी रजई मधे नव्हती, आवाज उघडा होता. "मला काही झालेलं नाही."

मी वाजवत राहिले. तळहात लाल झाले, सुजले. मी वाजवायची, त्याचं बोलायची. ते पलीकडचं वाजवायचं, आणि नवरा त्याचं साफ वाक्य बोलायचा. टाळ्या मधल्या खोलीत आल्या. मग उंबऱ्यावर. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझी टाळी चुकली असती, आणि तेवढ्यात शेवटची टाळी त्या मागच्याची ठरली असती.

"अरे, तू बोल!" मी ओरडले. "मी तुझ्याजागी किती वेळ बोलणार? मला तू अडखळणारा हवायस. मला तेवढाच हवायस, दुसरा नको!"

माझ्या मानेमागे टाळ्या वाजल्या. माझ्या जिभेवर काहीतरी साफसूफ वाक्य आलं. मी दात आवळले, जीभ चावली, तोंडात रक्त आलं, पण ते बोलले नाही.

नवऱ्यानं ते पाहिलं. त्याची नजर माझ्या तोंडावरून माझ्या खांद्याच्या वर, मागे गेली. त्याला काय दिसलं ते त्यानं मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. पण त्याच्या कपाळावरची शीर ताठ झाली. दुकानात गिऱ्हाइकानं त्याचा शब्द पुरा करायचा प्रयत्न केला की होते तशी.

त्यानं स्वतःचे दोन्ही हात वर उचलले, आणि दणदणीत दोन टाळ्या वाजवल्या.

मग त्यानं श्वास घेतला. पाण्याखालून वर आलेल्या माणसासारखा, घरभर ऐकू जाईल असा. मागून लगेच टाळ्या आल्या. त्यानं त्याहून मोठ्यानं वाजवल्या आणि पुन्हा श्वास घेतला.

"ब..." तो म्हणाला. "ब... ब..."

मी हात खाली घेतले. मागचेही थांबले. तो माझ्यापलीकडे रोखून पाहत होता, ओठ मिटत होते, उघडत होते, आणि तो शब्द सोडायला तयार नव्हता.

तो शब्द यायला बराच वेळ लागला. आम्ही तिघंही थांबलो.